सगळ्यात कमी आकडा

॥ श्री ॥

सौसर,
संक्रांत, १४ जानेवारी २०२५

चि. सौ. जयश्री हिस सुशीलाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर पाहून पाकीट चुलीत टाकायच्या आधी दोन ओळी वाच, बाई. अठ्ठावीस वर्षं झाली तुझ्या अबोल्याले. मी फोन केला की तू तो वसंताच्या हातात देते, मी पांढुर्ण्याले आली की तू मागच्या खोलीत जाऊन बसते. सख्ख्या भावाची बायको, अन् तुझा आवाज कसा आहे हेच मी विसरून गेली. पण वसंता म्हणाला की ताई, तिची शपथ बोलायची आहे, लिहायची नाही. म्हणून आज सणाचा दिवस धरून लिहून राहिली.

इकडे सगळं ठीक. मंगेशचं कापडाचं दुकान बरं चालून राहिलं, लग्नसराई तोंडावर आहे. आपल्या तृप्तीचं जमलं. मुलगा बोरगावले कारखान्यात आहे, घर रामाकोन्याचं, म्हणजे तुझ्या माहेरचंच गाव निघालं. हळद बावीस फेब्रुवारीले, लग्न तेवीसले. नात सासरी जाणार म्हणून मी रडून राहिली अन् ती मोबाईल पाहून हसून राहिली. आजकालच्या पोट्ट्या अशाच.

आता खरं काम. दिवाळीत दुकानात मले चक्कर आली. इथल्या डॉक्टरनं बीपी आहे म्हणून सांगितलं अन् रोज सकाळची एक गोळी दिली. मंगेशनं घरी मोजायची मशीन आणली. दंडाले पट्टा बांधायचा, बटन दाबायचं, पट्टा फुगते अन् आकडे येतात. पण त्यातलं मले काही म्हणजे काही समजत नाही. वर एक आकडा, खाली एक. काल सकाळी १५२ वर ९४ आला, दहा मिनिटांनी १६८ वर १००, मग १४६ वर ९०. यातला खरा कोणता मानायचा? वरचा महत्त्वाचा की खालचा? डोकं मागून दुखते, पण ते लग्नाच्या धावपळीनंही दुखत असेल. मंगेशले सांगितलं तर तो मले उचलून नागपूरले नेईल, अन् तिथले डॉक्टर एकदा दंड धरला की महिनाभर सोडत नाहीत. वसंता म्हणते की तू नर्सबाई, बारा गावांचे बीपी मोजते, तुले एका नजरेत समजते. म्हणून तुले विचारून राहिली, नाहीतर तुझ्या पायऱ्या कोण चढते?

सोबत तिळगूळ पाठवला आहे. घे अन् गोड लिही. बोलू नको पाहिजे तर.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, तुझ्याकडून आशा नाही.

तुझी नणंद,
सुशीला


पांढुर्णा,
२० जानेवारी २०२५

ती. सुशीलाताईंना सा. न. वि. वि.

नमस्कार रिवाजाचा आहे, मनातून आला असं समजू नये.

पत्र मिळालं. तिळगूळही मिळाला, तो शेजारच्यांच्या शेळीला घातला. तिनं आवडीनं खाल्ला. तुमचं डोकं दुखतं ही ओळ मी दोनदा वाचली, आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

माझंही असंच मागून दुखत होतं. आठवा महिना लागला होता, पाय सुजून चपलेत जात नव्हते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. १९९६चा पोळा. तुम्ही माहेरपणाला आला होतात, आणि दुसऱ्या दिवशीची गोटमार, सावरगावाशी होणारी ती दगडफेक, पाहायला घरात तीस पाहुणे. सकाळी नर्सबाई माझं बीपी मोजून गेली. मी आडवी पडले होते म्हणून चिठ्ठी तुमच्या हातात देऊन गेली. तुम्ही आत येऊन मला म्हणालात की इतकं तर सगळ्यांनाच होतं, ऊठ, पुरण वाटायचं आहे. मी उठले. पुरण वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला झटके आले तेव्हा पार सावरगावपर्यंत रस्ता माणसांनी भरलेला, आणि गावातले सगळे डॉक्टर फुटलेली डोकी शिवण्यात गुंतलेले. मुलगी पोटातच गेली. त्यानंतर माझी कूस उजवली नाही. तीन महिन्यांनी ती चिठ्ठी मला शेवयांच्या डब्यात, तळच्या कागदाखाली सापडली. १७० वर ११०, आजच दवाखान्यात न्या. ‘आजच’च्या खाली दोन रेघा. त्या आकड्यांचा अर्थ काय, हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून मी नर्सचं शिक्षण घेतलं. लोक म्हणतात बाईला सेवेची आवड. कसली आवड! मी रागानं शिकले.

असो. सरकारी पगार खाते, दुश्मनाचंही बीपी मोजते. तेव्हा ऐका.

वरचा आकडा म्हणजे हृदय रक्त पुढे ढकलतं त्या वेळचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्याचा. दोन्ही पाहायचे असतात, त्यांच्यात थोरली-धाकटी नाही. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प बसणं तुम्हाला जड जाईल, तरी बसा. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एकदा मोजलं की मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचं. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, आणि येईल तो प्रत्येक आकडा वहीत लिहायचा. एका आकड्यानं काही ठरत नाही, आठवड्याची सगळी रांग पाहावी लागते.

घरी मोजून १३५ वर ८५च्या वर सारखे येत असतील तर वही घेऊन डॉक्टरकडे जायचं. तुमचे तसेच आहेत, म्हणजे तुमची गोळी पुरत नाही, याच आठवड्यात जा. कधी १८० वर १२० किंवा त्याच्याही वर आला, तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तरी तितकाच, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि छातीत दुखलं, दम लागला, दिसेनासं झालं, जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय ढिला पडला, तर आकडा कितीही असो, त्याच मिनिटाला १०८ला फोन. जरा पाहू, जरा थांबू, हे तिथे चालत नाही. हे तुम्हाला मला सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

आकडे मला पत्रानं कळवत जा, टपालानंच. सौसरच्या बसच्या कंडक्टरच्या हाती काही धाडलंत तर मी घेणार नाही, आणि फोनवर ऐकणार नाही.

राग आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

जयश्री


॥ श्री ॥

सौसर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जयश्रीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून नाकाले मिरच्या झोंबल्या, पण तू सांगितलं तसंच सगळं केलं. वरून तुझ्या पत्रावर श्रीसुद्धा नव्हता. मले वाटलं तहसीलीतून नोटीस आली की काय!

हे घे माझे आकडे. सोमवारी १२८ वर ८२, बुधवारी १२६ वर ८०, शुक्रवारी १३० वर ८२, काल १२४ वर ७८. पाहिलं? तुझ्या त्या १३५च्या आतच आहो आपण. मग डॉक्टरकडे काहून जाऊ? दोन दिवस तर आकडा इतका छान आला की मी गोळीसुद्धा घेतली नाही, पुढच्या महिन्यासाठी राहू दिली. डोकं दुखते, पण आकडा चांगला आहे म्हटल्यावर ते दुखणं खोटंच म्हणायचं.

आता त्या गोष्टीचं. ती चिठ्ठी मी वाचलीच नाही. नर्सबाईनं कायचातरी कागद दिला, तो मी आईच्या हातात दिला. पुढं तिनं काय केलं ते तिले माहीत, अन् ती तर वर गेली. तेव्हा कोणाले समजत होतं बीपी-फिपी? आमच्या वेळच्या बायका वावरात बाळंत होत अन् संध्याकाळी भाकरी टाकत. तू शिकली म्हणून तुले आता मागचं सगळं दिसते. मी तुझं वाईट चिंतलं असं देवासमोर कोणी म्हणून दाखवावं.

मंगेशले सांगून तुझ्यासाठी एक मोरपंखी साडी बाजूले काढून ठेवली आहे. लग्नाले ये. मागच्या खोलीत बस, पण ये.

लोभ नाही तर नाही, निदान साडी घेऊन जा.

तुझी,
सुशीलाताई


पांढुर्णा,
८ फेब्रुवारी २०२५

ती. सुशीलाताईंना सा. न. वि. वि.

तुमचे आकडे इतके सरळ की आमच्या केंद्रात येणाऱ्या वीस वर्षांच्या पोरींचेही नसतात. आधी १५२ आणि १६८ येणाऱ्या बाईला पंधरा दिवसांत १२४? मला संशय आला. तुमच्या सुनेशी माझा अबोला नाही. वृषालीला फोन लावला.

ती बिचारी हसत हसत सांगत होती. म्हणाली की आत्याबाई एका वेळी तीनदा मोजतात, कधी पाचदा, आणि त्यातला सगळ्यात कमी येतो तो लिहितात. तिनं विचारलं तर तुम्ही म्हणालात की व्यापाऱ्याच्या घरची रीतच आहे, तीन ठिकाणी भाव विचारायचा आणि सगळ्यात कमी असेल तो घ्यायचा. अहो ताई, हे लट्ठ्याचं कापड आहे का? शरीर कोणाशी घासाघीस करतं? १६६ आला, नको. १५८ आला, नको. दमून भागून १२८ आला, हा घ्या, बांधा. मी वीसेक वर्षं या नोकरीत आहे, पण बीपीचा भाव पाडून घेणारी बाई तुमच्या रूपानं पहिल्यांदा पाहिली.

आणि गोळी! गोळीमुळे आकडा उतरतो. आकडा उतरला म्हणून गोळी सोडणं म्हणजे छत्रीखाली भिजलो नाही म्हणून भर पावसात छत्री मिटणं. रोज घ्यायची, चांगला आकडा आला त्या दिवशीही. बंद करायची की बदलायची ते डॉक्टर ठरवेल.

चिठ्ठीचं खापर मेलेल्या सासूबाईंच्या डोक्यावर फोडलंत, ते बरं केलंत, त्या काही उठून येणार नाहीत. पण त्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं, ताई. वाचता येणारी बाई त्या दिवशी स्वयंपाकघरात एकच होती. आणि आज पुन्हा तेच. खरा आकडा लपवून मला सोयीचा दाखवला. अठ्ठावीस वर्षांत तुम्ही दुसऱ्यांदा आकडा लपवताय, या वेळी स्वतःचा. जित्याची खोड!

आता माझ्या मनातलं सांगते, म्हणजे नंतर फसवलं असं म्हणायला नको. इतकी वर्षं मी एक वाक्य जपून ठेवलंय. कधीतरी तुमच्यावर वेळ येईल, तुम्ही मला विचाराल की थांबू का, आणि मी गोड शब्दांत सांगेन की इतकं तर सगळ्यांनाच होतं. भांडी घासताना, बसमध्ये उभी असताना, दुसऱ्यांच्या बायकांची पोटं तपासताना मी ते वाक्य घोकलं आहे. ते अजून जिभेवर आहे, गिळलेलं नाही. म्हणून मला खोटे आकडे पाठवू नका. खोट्या आकड्यांवर सूडसुद्धा नीट घेता येत नाही.

माझ्या पत्राच्या डोक्यावर श्री नसतो, ती जागा रिकामी असते. कोणासाठी, ते तुम्ही ओळखा.

साडी नको. राग आहेच, तो आता वाढीला लागला आहे, कळावे.

जयश्री


॥ श्री ॥

सौसर,
१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

चि. सौ. जयश्रीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वृषालीशी भांडली, मग तुझ्याशी मनातल्या मनात भांडली, मग मशीनीशी. मग म्हटलं, चल, खरे तर खरे. सोमवारी सकाळी १७८ वर १०८, १८४ वर ११२, १७४ वर १०६. संध्याकाळी १७६ वर १०४, १८० वर ११०. मंगळवारीही तसेच. एकही सोडला नाही. वहीत रांगेनं लिहिले तेव्हा मलेच पाहवेना. डॉक्टरकडे जायचं होतं, पण घरात पापड-कुरडया, रुखवत, देणंघेणं. सवड नाही झाली.

आज सकाळी एक गोष्ट झाली. कोणाले सांगितली नाही, तुलेच लिहून राहिली. कपबशी हातात घेतली अन् उजवा हात एकदम दुसऱ्याचाच असल्यासारखा झाला. कप खाली पडला, फुटला. तृप्तीले हाक मारायची होती तर तिचं नाव तोंडात येईना. नाव माहीत आहे, पण जीभ वळत नाही. ओठाचा कोपराही ओघळल्यासारखा वाटला. दहा मिनिटं असं झालं असेल. मग सगळं पहिल्यासारखं. आता पाहा नं, त्याच हातानं तुले पत्र लिहून राहिली, अक्षर वाकडं आहे का? नाही नं? म्हणजे गेलं ते.

तू लिहिलं होतं की असं झालं तर १०८. पण ते तर थांबलं आपोआप. आता शनिवारी हळद, रविवारी लग्न, पाहुणे यायले लागले. अशा वेळी मी दवाखान्यात जाऊन पडली तर पोरीच्या लग्नाले गालबोट लागेल. मंगेशची धांदल, वृषालीची धांदल. म्हणून तुले विचारते, जयश्री. चार दिवस थांबू का? लग्न होऊ दे, मग तू म्हणशील तिथं जाते. तू थांब म्हटलं तर थांबीन, जा म्हटलं तर जाईन. ज्या वाक्याची तू वाट पाहून राहिली तेच मी लिहून राहिली, हे मले समजते. पण तुझ्याशिवाय विचारू कोणाले?

चारच्या बसचा कंडक्टर दारावरून जाते, संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात दिलं असतं. पण तू घेणार नाही म्हणून टपालात टाकून राहिली.

लोभ नको, उत्तर पाहिजे.

सुशीला


पांढुर्णा,
२ मार्च २०२५

ती. सुशीलाताईंना सा. न. वि. वि.

तुम्ही नागपूरहून सुखरूप घरी पोहोचल्याचं वृषालीनं कळवलं. आता वाचायची ताकद आली असेल, म्हणून हे लिहिते. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला इतरांनी आपापल्या परीनं सांगितलं असेल. माझ्याकडून ऐका.

तुमचं बुधवारचं पत्र मला शनिवारी सकाळी साडेअकराला मिळालं. ओसरीवर उभ्याउभ्याच वाचलं, आणि मी हसले. हो, हसले. अठ्ठावीस वर्षांनी गाय आपल्या पायानं दावणीला आली असं वाटलं. एक कार्ड घेतलं आणि ते वाक्य लिहिलं: इतकं तर सगळ्यांनाच होतं, लग्न झाल्यावर दाखवा. खाली सहीसुद्धा केली. पत्ता लिहिताना तुमच्या पत्रावरची तारीख पाहिली. एकोणीस. हात ढिला पडलेल्या, जीभ अडखळलेल्या बाईचं पत्र तीन दिवस टपालात पडून होतं, कारण मी ऐटीत लिहिलं होतं की कंडक्टरच्या हातचं घेणार नाही. शेवयांच्या डब्यातली तुमची चिठ्ठी तीन महिने होती, माझी तीन दिवस. तेवढाच काय तो फरक. मला सूड घ्यायचा होता, ताई, तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं. कार्ड फाडलं.

मंगेशला फोन केला की आत्ताच्या आत्ता १०८ बोलाव. तो म्हणाला की मामी, आई तर मस्त बसली आहे, बायांसोबत गाणं म्हणून राहिली. मी म्हटलं, आपोआप थांबलं म्हणून ते संपत नाही, लकव्याचा झटका यायच्या आधीची ती सूचना असते, आणि सूचना प्रत्येकाला मिळतेच असं नाही. तो का कू करत राहिला. मग मी यांना उठवलं, शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि निघाले.

मांडवात आले तेव्हा तुमच्या गालाला कोणीतरी हळद फासली होती. मी तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही. तुमचा दंड उघडा केला, पट्टा बांधला. २०६ वर १२२. पाच मिनिटांनी २०४ वर १२०. आकडा मंगेशला मोठ्यानं सांगितला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा. तेव्हा तुमच्या जाऊबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या की एवढी हळद आटपू द्या, इतकं तर सगळ्यांनाच होतं. नेमकं तेच, ताई! शब्दाला शब्द. मी त्यांच्याकडे काय नजरेनं पाहिलं मला माहीत नाही, पण त्या पाटावरून उठून मागे सरल्या. मंगेशनं तेव्हा फोन लावला.

गाडीत घालताना तुम्ही मला कैदाशीण म्हणालात, नातीच्या मांडवात विघ्न आणणारी पांढऱ्या पायाची म्हणालात. सगळे पाहुणे बघत होते. मला त्यातला शब्दन् शब्द गोड लागला. सावनेरच्या पुढे तुमचा उजवा हात पुन्हा मांडीवर गळून पडला, आणि तुमच्या शिव्या अर्ध्यावर थांबल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या हाताला मी नागपूरपर्यंत धरून होते, पण बोलले नाही. शपथ ती शपथ.

डॉक्टरांनी वेळेत उपचार केले म्हणून पुढचा मोठा झटका टळला. त्यांनी मला विचारलं की पेशंट तुमची कोण. मी सांगितलं, वैरीण. ते हसले, त्यांना वाटलं मी गंमत करते.

तृप्तीचं लग्न तुमच्यावाचून लागलं. तुमच्या हातची अक्षत तिच्या डोक्यावर पडली नाही. ज्या सणापायी तुम्ही माझी मुलगी घालवलीत, तसलाच एक सण मी तुमच्या हातून काढून घेतला. मला बरं वाटलं. फार वेळ नाही, पण वाटलं.

आणि आता हिशेबाचं नाही, हक्काचं बोलते. वाचवलं म्हणजे माफ केलं असं समजू नका. मेलेल्या बाईकडून मला काय मिळणार होतं? मला तुम्ही जिवंत पाहिजे. दर सोमवारी तुम्ही मला आकडे लिहून पाठवायचे, जितक्यांदा मोजाल तितके सगळे, जन्मभर. आणि पत्राच्या डोक्यावर श्री लिहायचा नाही. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्याशी वाकून कानात नाव सांगायचा मान तुमचा होता. तुम्ही सांगितलं नाही. मग कोणीच ठेवलं नाही. आजही घरात तिचा विषय निघाला की ‘ते झालं तेव्हा’ असं म्हणतात. माझी मुलगी ‘ते’ नव्हती. तुम्ही तिचं नाव ठेवा, आणि दर सोमवारी श्रीच्या जागी ते तुमच्या हातानं लिहा. हा माझा सूड आहे. तुम्ही जितकं जगाल तितका तो चालेल, म्हणून गोळी चुकवू नका.

कंडक्टरच्या हाती पाठवलंत तरी आता घेईन.

जयश्री


॥ प्राजक्ता ॥

सौसर,
१० मार्च २०२५, सोमवार

सौ. जयश्रीस सुशीलाचा नमस्कार, वि. वि.

मी मोठी, आशीर्वाद लिहायची रीत. पण हात तिकडं वळला नाही.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. बोटात पूर्ण जोर अजून आला नाही, डॉक्टर म्हणतात येईल. वरचं नाव लिहायले मले चार दिवस लागले. हातामुळं नाही.

ती चिठ्ठी मी वाचली होती. ‘आजच’ वाचलं, त्याच्याखालच्या दोन रेघाही पाहिल्या. तीस माणसांचा स्वयंपाक होता, तू पडली तर सगळं माझ्यावर येईल, माहेरपणाले येऊन मी काहून राबू, असं मनात आलं. एवढंच. दुसरं मोठं कारण काही नव्हतं. म्हटलं, उद्या गोटमार झाली की परवा नेऊ, एका दिवसानं काय होते. मग ते झालं अन् मी चिठ्ठी डब्यात घातली. फाडली काहून नाही हे मलेच माहीत नाही. आईच्या नावावर ढकललं, ती माझी आईच होती, ती माफ करीन. तुले मी माफी मागत नाही. त्या बुधवारी मी तुले विचारलं की थांबू का, तेव्हा समजलं की तुले त्या दिवशी कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

नाव आता सुचलेलं नाही, जयश्री. त्या पोळ्याले येताना मी बारशाची कुंची शिवून आणली होती, लाल खणाची. मुलगी झाली तर काय नाव सांगायचं तेही ठरवलं होतं. आपल्या मागच्या दाराशी प्राजक्ताचं झाड होतं, त्याच्याखाली मी लहानाची मोठी झाली, म्हणून. कुंची अजून माझ्या पेटीत आहे. मी आपण होऊन पाठवत नाही, तो हक्क माझा राहिला नाही. तू मागशील त्या दिवशी देईन.

आजचे आकडे. सकाळी पाच मिनिटं गप्प बसून, उघड्या दंडावर, गोळीच्या आधी: १४४ वर ८८, १३८ वर ८६, १४० वर ८६. संध्याकाळी: १३६ वर ८४, १३८ वर ८४. सगळे लिहिले, एकाचाही भाव केला नाही. डॉक्टरनं नवी गोळी दिली आहे, ती रोज घेते. बुधवारी वही घेऊन दाखवायले जाणार आहो, मंगेश सोबत येऊन राहिला. तृप्ती रामाकोन्याहून मले भेटायले आली होती. तिनं वहीवर मी गिरवलेलं नाव वाचून विचारलं की आजी, ही कोण. मी सांगितलं, तुझी मामेआत्या, पांढुर्ण्याची, तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी.

पत्र चारच्या बसनं पाठवून राहिली. तुझा राग आहे तसाच राहू दे, तो आहे म्हणून दर सोमवारी कोणीतरी माझे आकडे वाचते.

प्राजक्ताची आत्या,
सुशीला